‘श्यामची आई’ पाहिला आणि डोळे कोरडेच राहिले

प्रश्न

पत्रलेखिका २९ वर्षांच्या आहेत, लग्नाला वर्ष होत आलंय. सासरे निवृत्त शिक्षक. त्यांच्या घरात एक रीत आहे. २४ डिसेंबरला, साने गुरुजींच्या जयंतीला, सगळ्यांनी मिळून आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ पाहायचा. यंदा नवी सून म्हणून त्याही बसल्या. शेवट आला तसा सासऱ्यांनी चष्मा काढला, सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला, माहेरी आलेली नणंद मुसमुसायला लागली. यांच्या डोळ्यांत टिपूस नाही. नंतर ओटा आवरताना सासूबाई सहज म्हणून गेल्या, “तुला काहीच कसं गं वाटलं नाही?”

त्या लिहितात, “कंटाळा आला असंही नाही. सारखं एवढंच वाटत राहिलं, की ही बाई कधी खाली बसते तरी का? बाकी आत काही गेलं नाही. माझी आई सरकारी दवाखान्यात नर्स. रात्रपाळ्या करून तिने मला एकटीने वाढवलं. माझा तिच्यावर फार जीव आहे. मग आईवरचा एवढा मोठा सिनेमा मला हलवत कसा नाही? आमच्या पिढीचं काळीजच निबर झालंय का?”

भरीस भर म्हणून गावच्या वाचनालयात ‘नव्या पिढीच्या नजरेतून श्यामची आई’ असा कार्यक्रम ठरलाय आणि सासऱ्यांनी वक्ता म्हणून सूनबाईंचं नाव परस्पर देऊन टाकलंय. खरं बोलावं तर सासऱ्यांना खाली बघावं लागेल, खोटं बोलावं तर स्वतःलाच. काय करावं, असं त्या विचारतात.

उत्तर

प्रिय मैत्रीण,

सासूबाईंच्या बोलण्यात खोच नव्हती, हे तुमच्याच पत्रावरून दिसतंय. तरी ते लागलं, कारण या एका सिनेमाच्या बाबतीत आपल्याकडे रडणं ही जवळजवळ हजेरी झाली आहे. ‘श्यामची आई’ पाहून ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही त्याच्या संस्कारांतच काही कमी राहिलं, असं कुणी तोंडाने म्हणत नाही, पण मनात धरून चालतं. त्यात तुम्ही नवी सून. नव्या सुनेची पोळी किती गोल, आवाज किती मोठा, सगळं घरात मोजलं जातं, त्यात आता अश्रूंची भर. एवढ्या नजरा अंगावर घेऊन बसलेल्या माणसाला धड जांभईसुद्धा देता येत नाही, रडू कुठून येणार?

पण तुम्ही विचारलंय ते याच्या पलीकडचं आहे. तुम्ही असं धरून चाललात की पडद्यावर जे चाललं होतं ते पाहून घरातले तिघं रडले, आणि नेमकं तेच पाहून तुम्ही रडला नाहीत. मला इथेच शंका आहे. तुम्ही चौघांनी एकच सिनेमा पाहिला असं मला वाटत नाही.

जरा साल-तारखा मांडून बघा. गोष्ट घडते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दापोली तालुक्यातल्या पालगडला. गुरुजींची आई १९१७ साली गेली. गुरुजी तेव्हा शिकायला बाहेर होते, शेवटची भेट झाली नाही. पुढे पंधराएक वर्षांनी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी या आठवणी लिहून काढल्या. पुस्तक आलं १९३५ साली. जून १९५० मध्ये गुरुजी गेले आणि अत्र्यांचा सिनेमा आला तो १९५३ मध्ये. म्हणजे सिनेमा लागला तेव्हा ती आई नव्हती, तिला आठवणारा मुलगा नव्हता, आणि ज्या खोतांच्या घरातली ही गोष्ट, ती खोतीही, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याचा वतनी हक्कही, १९४९ च्या कायद्याने संपलेली होती. अगदी पहिल्या खेळापासून हा सिनेमा म्हणजे आठवणीची आठवण होता.

त्यावर तुमच्या सासऱ्यांचा स्वतःचा एक थर आहे. त्यांच्या वयाच्या माणसाने हा सिनेमा बहुधा शाळेच्या रांगेतून जाऊन पाहिलेला असतो, नाहीतर जत्रेतल्या तंबूत, नाहीतर दूरदर्शनवर. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि शनिवार संध्याकाळचा मराठी सिनेमा ही पुढे घरोघरची ठरलेली वेळ झाली. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळी आळी जमायची, चपलांचा ढीग दाराबाहेर. त्या दिवशी सोफ्यावर बसून तुमचे सासरे जे पाहत होते त्यात आईचं काम केलेल्या वनमालाबाई होत्याच, पण कदाचित बाकावर शेजारी बसलेला एखादा मित्र होता, तिकिटाचे पैसे हातावर ठेवणारी त्यांची स्वतःची आई होती. ही माणसं तुमच्या पडद्यावर आलीच नाहीत. तुम्ही निखळ सिनेमा पाहिलात, तोही सत्तर वर्षांनी, पहिल्यांदाच, आणि वर सासरच्या माणसांच्या मधोमध बसून.

हा सिनेमा नवा असताना तो कुणी पाहिला, याचा विचार केला की गोष्ट आणखी उलगडते. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आलेली माणसं हजारोंनी होती. खोल्यांतून दाटीवाटीने राहायचं, खाणावळीत जेवायचं, महिन्याला गावी मनीऑर्डर करायची. आई गावाला. ती आजारी पडल्याचं पत्र यायला दिवस लागायचे आणि बोटीने, गाडीने, पायी गावी पोचेपर्यंत बऱ्याचदा सगळं आटोपलेलं असायचं. श्यामही पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. पुस्तकात त्या प्रकरणाचं नावच ‘भस्ममय मूर्ती’ आहे. त्या प्रेक्षकाला ही कुण्या जुन्या काळाची हुरहुर नव्हती, ती त्याची गेल्या वर्षीची जखम होती. तुमची आई तुम्हाला रोज फोनवर दिसते. ड्यूटीवरून आली की नाही, जेवली की नाही, हे तुम्हाला माहीत असतं. न पोचल्याची टोचणी तुमच्या वाट्याला आलेली नाही, आणि कधी येऊही नये. ती टोचणी नाही म्हणून काळीज निबर, हा हिशेब कुठला?

आता त्या ‘एवढ्या मोठ्या’ सिनेमाबद्दल. आपल्या देशात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले ते १९५३ च्या चित्रपटांपासून, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला त्या वर्षी गुणवत्तेचं प्रमाणपत्र होतं. त्यानंतर मराठी चित्रपटाला हा मान पुन्हा मिळाला तो थेट २००४ च्या ‘श्वास’ला. अशा पदकांचं ओझं नंतरच्या प्रेक्षकाच्या डोक्यावर बसतं. सुवर्णपदक मिळालेलं आहे, थोरामोठ्यांनी वाखाणलेलं आहे, आणि मला काही होत नाही, म्हणजे खोट माझ्यातच. पण पदक त्या काळाने दिलेलं असतं. स्वातंत्र्याला जेमतेम सहा वर्षं झालेल्या देशाला पोटाला चिमटा काढून मुलाला सरळ वळण लावणारी आई पडद्यावर हवी होती. ती तुम्हालाही तशीच हवी असली पाहिजे, असं त्या पदकावर कुठे कोरलेलं नाही.

शिवाय सिनेमा म्हणून त्याची घडण बघा. बोलणं रंगभूमीच्या वळणाचं आहे. प्रसंग संपतो तिथे शिकवण येते. सहनशील आई, चुकणारा मुलगा, समजूत, पश्चात्ताप. तुमचं वय रील्स बघत वाढलेलं, म्हणून तुम्हाला धीर नाही, असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका; तुम्ही तो शेवटपर्यंत पाहिलात आणि कंटाळलाही नाहीत. अडचण धीराची नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला जी किल्ली आपोआप मिळाली होती ती तुमच्या हातात नव्हती, इतकंच. वनमालाबाईंचंच घ्या. १९४१ च्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्याबरोबर झळकलेली ही देखणी तारका. तिला प्रेक्षकांनी इथे साध्या लुगड्यात, चुलीपुढे, तापाने फणफणलेली पाहिलं. तो फरकच अर्धं काम करून जात असणार. तुमच्या दृष्टीने त्या पहिल्यापासून श्यामची आईच. तीच गोष्ट अत्र्यांची. ‘झेंडूची फुले’तली विडंबनं लिहून आणि सभा गाजवून अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाने रडवायला घेतलंय, ही त्या वेळी बातमी होती. (मला तर वाटतं, हसवता येणाऱ्यालाच रडवताना हात कुठे आखडायचा ते कळतं. पण तो वेगळा विषय.) २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी पुन्हा ‘श्यामची आई’ केला आणि तोही कृष्णधवलच ठेवला. आता खुद्द काळ्या-पांढऱ्या रंगाचीच आपल्याला ओढ लागलीय, म्हणायचं.

आता तुमच्या मनात खरं जे सलतंय त्याकडे येते. आईवरचा सिनेमा हलवत नाही म्हणजे आईवरच्या मायेतच कुठेतरी कमी आहे, अशी ती धास्ती आहे. या दोन गोष्टींची गाठ कुणी बांधली? ‘श्यामची आई’ नावातच सांगते की ही श्यामची आहे. मुलाने पाहिलेली, मुलाला आठवलेली, त्यातून मुलाच्या अपराधी मनाने उजळलेली. तिला स्वतःला काय वाटत होतं, ते आपल्याला श्यामकडूनच कळतं. एकटीने, पगारावर, रात्रपाळ्या करून मुलगी वाढवणारी बाई त्या चौकटीत बसत नाही, आणि तिला तिथे कोंबायची गरजही नाही. तुम्ही तुमच्या आईला त्या पडद्यावर शोधत होतात आणि ती तिथे नव्हती. मग डोळे कोणासाठी भरून येणार?

मात्र एक बाई तुम्हाला तिथे दिसली. ‘ही बाई कधी खाली बसते तरी का?’ हे वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून टाकलंत आणि लगेच ‘बाकी आत काही गेलं नाही’ म्हणून त्यावर पाणी ओतलंत. मला ते पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य वाटलं. सिनेमाभर तुमचं लक्ष तिच्या पायांकडे होतं. जिची आई आठ-दहा तास वॉर्डात उभी राहून घरी येते आणि आधी पाय वर करून पडते, त्या मुलीलाच ते दिसणार. घरातल्या इतर कुणाला ते दिसलं असेल की नाही, मला शंका आहे. तुम्ही हलला होतात. फक्त ते पाण्याच्या रूपात बाहेर आलं नाही म्हणून तुम्ही ते धरलंच नाहीत.

याच्या जोडीला पुस्तकातलं एक प्रकरण सांगते, ‘अळणी भाजी’. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील पानावर बसतात, पहिल्या घासालाच त्यांना कळतं, पण ते चकार शब्द न काढता, नाक न मुरडता भाजी खातात. मुलंही खातात. मग शेवटी आई आपलं पान वाढून घेते, तेव्हा तिला कळतं, आणि आपल्या हातून असं झालं, सगळ्यांनी ते मुकाट्याने खाल्लं, म्हणून ती हळहळते. गुरुजी यातून वडिलांचा संयम आणि आईची हळहळ, दोन्ही थोर कशी ते सांगतात. ते खरंच आहे. शिव्या घालत ताट भिरकावणारे नवरे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण तुमच्यासारखी वाचणारी थबकेल ती दुसरीकडेच. तिला इतक्या उशिरा कळलं, कारण ती सगळ्यांत शेवटी जेवायला बसली. गुरुजींनी हे लपवलेलं नाही, लिहूनच ठेवलंय. आपण डोळे पुसण्याच्या नादात ते वाचत नाही.

आणि हो, एक आगाऊपणाचा प्रश्न. त्या संध्याकाळी सिनेमा चालू असताना चहाला कोण उठलं होतं?

तुमच्या निमित्ताने इतर वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवते, कारण डोळे कोरडे राहण्याची कारणं सगळ्यांची सारखी नसतात. जुन्या वाड्याची ओटी, माजघर, सोवळं, दिवेलागणीची पर्वचा, हे काहींना हरवलेलं घर वाटतं. काहींच्या आजी-आजोबांना त्या ओटीची पायरी चढायची मुभाच नव्हती. पुस्तकात एक प्रसंग आहे. मोळी घेऊन जाणारी एक म्हातारी महारीण थकून पडते, आणि आई श्यामला सांगते, जा, तिला हात दे, मोळी डोक्यावर चढवून दे. घरी आल्यावर मग आंघोळ कर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कोकणात एका ब्राह्मण बाईने एवढं म्हणणंही सोपं नव्हतं. पण ती आंघोळ तिथे आहेच. मोळीच्या बाजूने ही गोष्ट ऐकणाऱ्याचा गळा नाही दाटला, तर त्याने कुणाची माफी मागायचं कारण नाही. आईचा हा मुलगा पुढे त्या आंघोळीशी थांबला नाही, हेही खरं. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले होते. ते ठाऊक असलं की सिनेमातल्या हळव्या श्यामकडे बघायची नजर बदलते. माझी तरी बदलते.

बरं, वाचनालयाचं काय?

खोटं बोलायचा पर्याय तुम्ही स्वतःच जवळजवळ बाद केलाय, पण त्याचा खर्च लक्षात घ्या. यंदा ‘माझेही डोळे पाणावले’ म्हटलंत की पुढच्या वर्षी पाणावून दाखवावं लागेल. दुसरं टोक म्हणजे व्यासपीठावर उभं राहून ‘मला हा सिनेमा जुनाट वाटला’ असं ठणकावणं. त्याला टाळ्या पडतील, तरुण मुलं शिट्ट्याही मारतील. पण ते तुमचं खरं मत नाही. तुम्ही तर लिहिलंय की कंटाळा आला नव्हता. अर्धवट खरं ठासून सांगण्यात धाडस कसलं? तिसरा पर्याय, नाव मागे घेणं. त्याचा विचार जरूर करा. न विचारता नाव दिलं गेलंय, तुम्हाला नकाराचा पूर्ण हक्क आहे, आणि ‘बाबा, पुढच्या वेळी आधी विचाराल का’ एवढं सासऱ्यांना म्हणणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. तुम्हाला मुळात बोलायचंच नसेल तर खालचं सगळं सोडून द्या आणि एवढं एक वाक्य बोला.

बोलायचं असेल, तर आधी सासऱ्यांपाशी जाऊन बसा. ‘तुम्हाला रडू का येतं?’ असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नाला मास्तर उत्तर म्हणून प्रवचन देतील. साधं, धरता येईल असं विचारा. पहिल्यांदा कुठे पाहिलात? बरोबर कोण होतं? घरी येऊन आईला सांगितलंत का? त्यांची आई कशी होती, काय काम करायची, हे विचारा. मग ऐका. या घरात तुम्ही वर्षभर आहात, पण तुमच्या आजेसासूबाईंबद्दल तुम्हाला फार काही ठाऊक नसेल असा माझा होरा आहे. त्या गोष्टी ऐकताना तुम्हाला रडू आलं तर येऊ दे, नाही आलं तरी कुणी मोजणार नाही. सासूबाईंनाही विचारा, पण नणंद, नवरा समोर नसताना. पदर डोळ्यांना लावताना त्यांच्या मनात कोण होतं, ते घरातल्या कुणी आजवर विचारलंय की नाही कोण जाणे. कदाचित त्या सांगणार नाहीत. मग नेट धरू नका.

मग पुस्तक वाचा. सिनेमा पुन्हा पाहण्याची तूर्त गरज नाही. पुस्तकाच्या बेचाळीस रात्री आहेत, एकेक प्रकरण म्हणजे एक रात्र. एका दमात संपवायला गेलात तर शिकवणीचा मारा सोसणार नाही. रोज एक वाचा, तेही भरून यावं म्हणून नव्हे. पेन घेऊन बसा आणि त्या दिवशी आईने काय काय काम केलं तेवढं लिहून काढा. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ आणि ‘तेल आहे, तर मीठ नाही’ ही प्रकरणं अजिबात चुकवू नका. कर्जवसुलीला आलेला माणूस दारात बसून वाटेल ते बोलतो आणि बायको विकायची भाषा काढतो, तेव्हा ही सोशीक बाई त्याला अशी काही सुनावते की ‘सोशीक’ हा शिक्का मारताना आपला हात अडखळावा. संस्कारांच्या गोष्टी म्हणून आपण हे पुस्तक मुलांच्या हातात देतो, पण त्यात सावकारी, पडतं घर, हिवताप आणि औषधपाणी न मिळालेलं बाईचं आजारपण आहे. नर्सच्या मुलीला ते आजारपण वाचताना राग येईल. येऊ द्या.

त्याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवा. तीही तिशीच्या दशकातलीच, म्हणजे ‘श्यामची आई’च्या आगेमागेच छापून आलेली. फरक एवढाच की तिथे बाई स्वतः बोलते. संसाराची ओढाताण, नवऱ्याचा लहरी आणि तापट स्वभाव, उपासमार, प्लेग, सगळं आहे, आणि तरी पानोपानी हसू फुटतं. ज्यांना गहिवराची भाषा मानवत नाही त्यांनी हे पुस्तक वाचावं, असं मी तुमच्याखेरीज इतरांनाही सुचवीन. ज्यांचा नवरा एखाद्या जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर जीव टाकतो, ज्यांच्या मैत्रिणी एखाद्या शाळकरी प्रेमाच्या सिनेमावर फिदा आहेत आणि ज्यांना स्वतःला त्यातलं काहीच होत नाही, त्यांनाही हीच युक्ती लागू पडेल: समोरच्याला त्याची पहिली वेळ विचारा, आणि तोच काळ सांगणारं दुसऱ्या आवाजातलं काहीतरी शोधा.

तुमच्या आईबरोबर सिनेमा पाहावा का, असं तुमच्या मनात येईल. पाहा, पण तिची परीक्षा म्हणून नको. रात्रपाळीहून आलेली बाई अर्ध्या तासात डुलक्या घ्यायला लागली तर तिला झोपू द्या.

भाषण पंधरा मिनिटांचं असेल तर सुरुवात ‘मला रडू आलं नाही’ इथून करू नका. ते वाक्य सभेला लगेच दोन गटांत वाटेल आणि पुढचं कुणी ऐकणार नाही. ‘अळणी भाजी’पासून सुरू करा. प्रसंग जसा आहे तसा सांगा, वडिलांच्या संयमाला त्याचा मान द्या, मग विचारा की त्या घरात आई किती वाजता जेवत असेल. तिच्या एका दिवसाची यादी वाचून दाखवा. सासऱ्यांनी सांगितलेली त्यांच्या आईची एखादी गोष्ट त्यांची परवानगी घेऊन त्यात घाला, आणि तुमच्या आईच्या रात्रपाळीची एक. श्रोत्यांपैकी कुणी ‘तुम्ही रडलात का हो?’ विचारलंच, तर सरळ ‘नाही’ म्हणा. तोवर त्यांना कळलेलं असेल की सिनेमा तुम्ही किती बारकाईने पाहिलाय. फक्त हा ‘नाही’ सासऱ्यांनी पहिल्यांदा सभेत ऐकायला नको. आदल्या आठवड्यात घरी बसून सगळं भाषण त्यांना वाचून दाखवा. शिक्षक आहेत, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आधी काढतील, मग मुद्द्यावर येतील. त्यांना एखादी जागा खटकली तर ऐकून घ्या. पटलं तर बदला, नाही पटलं तर का नाही ते सांगा.

राहता राहिला विषय. ‘नव्या पिढीच्या नजरेतून’ या शीर्षकाखाली बोलायला उभ्या राहिलात की तुम्ही अख्ख्या पिढीच्या वकील होता. ‘आमच्या पिढीचं काळीज’ ही पत्रातली धास्तीही मला वाटतं तिथूनच आली. तुमच्याच वयाची कितीतरी माणसं हा सिनेमा पाहून ढसाढसा रडतात, त्यांच्या वतीने तुम्ही काय बोलणार? वाचनालयाच्या कार्यवाहांना आजच फोन करा आणि पत्रिका छापायला जाण्याआधी शीर्षक बदलून मागा. ‘श्यामच्या आईचा एक दिवस’ असं ठेवलंत तरी चालेल.